शनिवारी रात्री साडेआठला दोन ताटं: तिच्यासाठी पहिल्यांदा स्वयंपाक करणाऱ्यांना

लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला मी व्हाइट सॉस पास्ता करायला घेतला होता. ती पावणेनऊला ऑफिसातून घरी आली तेव्हा ओट्यावर चार पातेली, मैद्याच्या गुठळ्या झालेलं दूध आणि अर्धवट चिरलेली सिमला मिरची होती. टेबलावर मेणबत्ती तेवढी तयार होती. सव्वादहाला तिने काही न बोलता ओढणी खोचली आणि मुगाची खिचडी लावली. खिचडी छान झाली होती. पण ज्या रात्री तिने ओट्याशी उभं राहायचं नाही असं ठरवलं होतं, त्याच रात्री ती तिथे उभी होती.

त्यानंतर बऱ्याच प्रयोगांतून माझा एक नियम पक्का झालाय. पदार्थ कितीही साधा असो, ती आली की आपण ओट्यापाशी नसावं. हात धुतलेले, ओटा पुसलेला, आणि जेवायला दोघं एकत्र बसलेली. हे जमवायचं तर सगळी मेहनत आधीच्या दोन दिवसांत उरकायला हवी. म्हणून खालचा बेत गुरुवारी सुरू होतो. मी नवरा आहे म्हणून ‘ती’ लिहितोय, तुम्ही आपापल्या घराप्रमाणे बदलून घ्या. जेवण दोघांचं आहे आणि माझी वाटी म्हणजे आमटीची स्टीलची, साधारण १५० मिलीची.

बेत ठरवताना

सगळ्यात आधी भिंतीवरचं कालनिर्णय बघा. हे गमतीत म्हणत नाही. हौसेने शनिवार धरायचा आणि नेमकी संकष्टी निघायची, मग चंद्रोदय होईपर्यंत ताटं झाकून बसा. तिचा शनिवारचा उपास असतो का, श्रावणात किंवा चातुर्मासात घरात कांदा-लसूण चालतो का, हेही आठवून ठेवा. तिलाच विचारलंत तरी बिघडत नाही. अचानक दिलेला आनंद फार मोठा वगैरे असतो हे खरं, पण दुपारी मैत्रिणींबरोबर पोटभर जेवून आलेल्या माणसाला रात्री ताट वाढणं म्हणजे दोघांनाही शिक्षा. ‘शनिवारी रात्री घरीच जेवू, मी करतोय’ एवढं सांगावं. काय करतोय ते सांगू नये.

नवख्याने टाळायच्या गोष्टी म्हणजे पुऱ्या, भजी, डोसे, थालीपीठ. हे सगळं तव्या-कढईतून थेट ताटात पडावं लागतं, म्हणजे एक जण जेवणार आणि दुसरा तळत राहणार. पोळ्याही पहिल्या खेपेला करू नका. पोळी हा सरावाचा प्रकार आहे, एका संध्याकाळीत येत नाही. कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून चार घडीच्या पोळ्या आणा, रुमालात गुंडाळून डब्यात ठेवा, त्यात कमीपणा नाही.

मग करायचं काय? डाळिंबीची उसळ, वरण-भात-तूप, खमंग काकडी आणि श्रीखंड. ती घरी आल्या आल्या कोकम सरबत. यात कांदा-लसूण कुठेही नाही, त्यामुळे सण-वार आडवे येत नाहीत (आणि जेवणानंतर जवळ बसायलाही बरं). उसळ मुरायला तासभर मिळाला तर जास्त चांगली लागते, श्रीखंड सकाळीच होतं, वरण-भात कुकर करतो. शेवटच्या दहा मिनिटांत फक्त एक फोडणी.

डाळिंब्याच का, याचं खरं कारण वेगळं आहे. सोललेले वाल ताटात दिसले की मराठी घरातल्या माणसाला सांगावं लागत नाही की यामागे कुणीतरी एक अख्खी संध्याकाळ बसलं होतं. सीकेपी घरांत याला बिरडं म्हणतात आणि पाहुण्याचा मान वाढवायचा असेल तेव्हा ते करतात. जिन्नस स्वस्त, कष्ट सोपे पण भरपूर. नवख्याला याहून सोयीचं काय हवं?

गुरुवार

सकाळी ऑफिसला निघताना एक वाटी कडवे वाल धुऊन भरपूर पाण्यात भिजत घाला. वाण्याकडे नीट ‘कडवे वाल’ म्हणून मागा. नाहीतर तो मोठे पांढरट पावटे देतो, त्यांची चव निराळी. कडवे वाल लहान आणि तांबूस असतात. रायगडकडचे मिळाले तर उत्तम.

रात्री पाणी काढून टाका, वाल पुन्हा एकदा धुवा, सुती कापडात घट्ट बांधून चाळणीत ठेवा आणि वर ताटली झाका. उन्हाळ्यात शुक्रवारी संध्याकाळी मोड दिसतात. थंडीत बुधवारीच सुरुवात करावी लागते, किंवा पुरचुंडी बंद ओव्हनमध्ये नाहीतर तांदळाच्या डब्याशेजारी उबेला ठेवावी. मोड पेराएवढे लांब करायचे नाहीत, टोक फुटलं की पुरे.

शुक्रवार रात्र

हीच खरी स्वयंपाकाची रात्र. ती घरात असेल तर काहीतरी कारण काढा किंवा सरळ सांगा की स्वयंपाकघरात येऊ नकोस.

मोड आलेले वाल मोठ्या वाडग्यात घेऊन कोमट पाणी ओता. कडकडीत नको, बोट बुडवून सहज ठेवता येईल इतपत. वीस मिनिटांनी साल सैल होते. वाल अंगठा आणि तर्जनीत धरून मोडाच्या विरुद्ध बाजूने हलकेच दाबला की आतली डाळिंबी टुणकन बाहेर उडते. पहिल्या दहा-बारा ओट्याखाली जातील. मग दाब कळतो, हात वाडग्याजवळ ठेवायची सवय लागते आणि एकदा लय सापडली की बरं वाटायला लागतं. पाणी गार झालं की साल पुन्हा चिकटते, तेव्हा थोडं गरम पाणी घालत राहा. एक वाटी वालाला पहिल्यांदा पाऊण ते एक तास धरा.

मी पहिल्यांदा सोलायला बसलो त्याआधी सासूबाईंना फोन केला होता. बराच वेळ त्या काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, “अहो, बाजारात सोललेले मिळतात की.” मी म्हटलं, मलाच सोलायचेत. तर म्हणाल्या, “मग टीव्ही लावून बसू नका. सालं वाटीत जातील आणि वाल केरात.” मी क्रिकेटची मॅच लावून बसलो आणि तसंच झालं. केराच्या डब्यातून वेचून काढण्यातली शरम मी इथे सविस्तर लिहीत नाही.

खरंच वेळ नसेल तर सोललेल्या डाळिंब्या विकत आणा, पण त्या पाण्यात ठेवलेल्या आणि ताज्या असाव्यात. वास घेऊन बघा, आंबूस आला तर घेऊ नका. सोलून झालेल्या डाळिंब्या डब्यात, बुडतील इतक्या पाण्यात फ्रिजमध्ये ठेवा.

त्याच रात्री चक्का बांधायचा. पाऊण किलो सायीचं, ताजं, अजिबात आंबट नसलेलं दही पातळ मलमलच्या फडक्यात बांधून नळाला टांगा, खाली पातेलं. सकाळपर्यंत साधारण तीनेकशे ग्रॅम चक्का हाती लागतो. मे महिन्यात दही बाहेर टांगलं की सकाळी आंबतं, अशा वेळी पुरचुंडी चाळणीत ठेवून, चाळणी पातेल्यावर ठेवून सगळं फ्रिजमध्ये सारा. खाली जमलेलं पाणी टाकू नका, त्यात कणीक मळता येते किंवा कढीत घालता येतं. डेअरीतून तयार चक्का आणलात तरी श्रीखंड घरचंच.

शनिवार सकाळ

चक्का काढून वजन करा. पाव किलो चक्क्याला २०० ग्रॅम साखर मला पुरते, गोडघाशी माणूस असेल तर बरोबरीने घ्या. पिठीसाखर घेतली तर लवकर विरघळते. दोन्ही एकत्र कालवून अर्धा तास झाकून ठेवा आणि मग पुरणयंत्रातून काढा. पुरणयंत्र नसेल तर स्टीलच्या बारीक चाळणीवर वाटीच्या बुडाने घासा, हात दुखेल पण होतं. मिक्सरला लावायचा मोह आवरा. मिक्सरमध्ये श्रीखंड पातळ होतं आणि ताटात पसरत पसरत काकडीपर्यंत जातं.

चमचाभर कोमट दुधात केशराच्या दहा-बारा काड्या खलून घाला, पाव चमचा वेलदोड्याची पूड, किंचित जायफळ आणि चिमूटभर मीठ. हो, मीठ घालाच. वर चारोळ्या. झाकून फ्रिजमध्ये.

आता बाजार: दोन कोवळ्या काकड्या, ओला नारळ, कोथिंबीर, लिंबू, मिरच्या, कढीपत्ता, आणि फुलं. उन्हाळा असेल तर मोगऱ्याचा गजरा मिळतो, एरवी शेवंती किंवा निशिगंध. गजरा ओल्या रुमालात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा, पण झाकणाच्या डब्यात. नाहीतर श्रीखंडाला मोगऱ्याचा वास लागतो. आमच्याकडे लागला होता.

शनिवार संध्याकाळ

जेवण साडेआठला असेल तर साडेसहाला ओट्याशी उभं राहायचं.

आधी अर्धी वाटी तूरडाळ आणि एक वाटी आंबेमोहोर तांदूळ वेगवेगळे धुवा. डाळ पाण्यात भिजवा, तांदूळ निथळत ठेवा. हे होईतो नारळ खवा. पाव वाटी खोबरं आणि अर्धा चमचा जिरं थोड्या पाण्यात बारीक वाटून घ्या, हे उसळीचं वाटण. आणखी मूठभर खोबरं वरून घालायला बाजूला ठेवा.

उसळीला जाड बुडाचं पातेलं किंवा कढई घ्या. दोन मोठे चमचे तेल चांगलं तापलं की मोहरी, ती तडतडली की जिरं, दोन चिमटी हिंग, सात-आठ कढीपत्त्याची पानं, अर्धा चमचा हळद. हळद घातल्यावर लगेच डाळिंब्या घाला, नाहीतर हळद जळून कडू होते. एव्हाना डाळिंब्यांमधलं पाणी काढून टाकलेलं असावं. पळीने ढवळू नका. पातेलं दोन्ही कानांना धरून दोनदा हलवा, बस. डाळिंबी शिजली तरी अख्खी राहिली पाहिजे, सगळी किंमत त्यातच आहे. दोन मिनिटांनी जेमतेम बुडतील इतकं गरम पाणी घाला (गार पाणी घातलं की शिजणं लांबतं), गॅस बारीक करा आणि वर खोलगट ताटली ठेवून तिच्यात पाणी ओता. आतली वाफ त्या गार ताटलीला लागून परत खाली पडते, उसळ करपत नाही. आत पाणी कमी वाटलं तर ताटलीतलं तापलेलं पाणीच घालता येतं. आज्ज्यांची ही युक्ती अजून कुठल्या नॉनस्टिक भांड्याने हरवलेली नाही.

बारा-पंधरा मिनिटांनी एक डाळिंबी बोटांत दाबून बघा. लोण्यासारखी दबली, पण आपणहून फुटलेली नसली की झाली. आता आणि आताच मीठ, दोन आमसुलं, सुपारीएवढा गूळ, एक चमचा गोडा मसाला, अर्धा चमचा तिखट आणि जिऱ्या-खोबऱ्याचं वाटण. आमसूल आधी घातलं तर आंबटपणाने डाळिंब्या नीट शिजतच नाहीत, कडक राहतात. नवख्यांची उसळ बहुतेक इथेच बिघडते. सगळं घालून पाच मिनिटं उकळी, मग गॅस बंद. रस अंगासरसा असावा, पोळीला लावता येईल इतका. वरून खोबरं-कोथिंबीर वाढताना.

चव बघा. तिखट, आंबट, गोड यांपैकी एकही पुढे पळत नसेल तर झाकून विसरून जा. साडेसात वाजलेत आणि कठीण भाग संपलाय.

आता कुकर. बुडाशी दोन पेले पाणी घातलंय ना, शिट्टी साफ आहे ना, रिंग नीट बसलीय ना, हे तीनदा बघा. खालच्या भांड्यात डाळ, तिच्या तिप्पट पाणी, हळद, हिंग. वरच्या भांड्यात तांदूळ, दोन वाट्या पाणी (तांदूळ जुना असेल तर पाव वाटी जास्त), मीठ, चमचाभर तूप. तीन शिट्ट्या मोठ्या गॅसवर, मग पाच-सहा मिनिटं बारीक. कुकरचा दाब आपोआप उतरू द्या, शिट्टी चमच्याने उचलून वाफ काढण्याची घाई करू नका. वरण रवीने घोटून त्यात मीठ, किंचित गूळ आणि गरम पाणी घालून एक उकळी. फोडणी नाही. साध्या वरणाला फोडणी दिली की त्याची आमटी होते आणि मग मूद नीट दिसत नाही.

मधल्या वेळात काकडी. आधी दोन्हींच्या टोकाचा तुकडा खाऊन बघा, एखादी कडू निघते आणि सगळी कोशिंबीर घालवते. साल काढून बारीक चोचवा, म्हणजे काकडी हातात धरून सुरीने भराभर छेद देत बारीक तुकडे पाडा. चोचवता येत नसेल तर चिरा, किसू मात्र नका, लगदा होतो. वरून दोन चमचे दाण्याचं कूट, खोबरं, कोथिंबीर, साखर चिमूटभर. मीठ, लिंबू आणि हिंग-मिरचीची फोडणी अगदी पानं घेताना, कारण मीठ लागलं की दहा मिनिटांत काकडी पाण्यात पोहायला लागते.

पावणेआठ ते सव्वाआठ या अर्ध्या तासात स्वयंपाक करायचा नाही. भांडी घासा किंवा किमान पाण्यात घालून ठेवा, ओटा पुसा, कचरा बाहेर काढा, अंघोळ करा. फोडणीचा वास असलेला टी-शर्ट बदला. पुरुषमंडळी नेमका हाच भाग गाळतात आणि मग एवढं करूनही ‘आता हे सगळं आवरायचं कोणी’ असा चेहरा समोर का दिसतो, याचं आश्चर्य करतात.

मासे खाणाऱ्यांसाठी

समोरचं माणूस मालवणचं किंवा गोव्याचं असेल तर डाळिंब्यांना कितीही गौरवलंत तरी मनात प्रश्न राहणार, मासे कुठायत? मग वार बदला, शनिवारऐवजी रविवार धरा, आणि तव्यावरचा एकच पदार्थ करा: सुरमईचे दोन काप, बोटभर जाड. धुऊन मीठ, हळद आणि चमचाभर आगळ (कोकमाचा आंबट रस) चोळून दहा मिनिटं, मग आलं-लसूण आणि मालवणी मसाला लावून आणखी पंधरा मिनिटं. रवा आणि तांदळाचं पीठ एकत्र करून त्यात घोळवून, तवा आणि तेल नीट तापल्यावर मध्यम आचेवर एका बाजूला तीन-चार मिनिटं. खालची बाजू आपणहून तवा सोडेपर्यंत उलथनं लावायचं नाही. १ जून ते ३१ जुलै महाराष्ट्रात यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते, त्या काळात ताज्या सुरमईचा हट्ट धरू नका. बर्फातली मिळेल, पण तिच्यापेक्षा डाळिंब्या बऱ्या.

ताट

मेणबत्तीचं नाव मी आता काढत नाही. मुंबईत पंखा लावला तर ती विझते आणि पंखा बंद केला तर आपण वितळतो. पांढरी ट्यूब बंद करून कोपऱ्यातला पिवळा दिवा लावा, तेवढ्याने खोली बदलते. फोन दुसऱ्या खोलीत. ताटाभोवती रांगोळीची एक साधी ओळ काढता आली तर काढा, वाकडी आली तरी पुसू नका.

वाढायची रीत पाळा, ती शोभेसाठी नाही, हाताला सोयीची आहे. वरच्या बाजूला मध्ये मीठ, त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी असेल तर ती, मग काकडी. उजवीकडे उसळ, श्रीखंडाची वाटीही त्याच बाजूला. खाली मध्ये भात. लहान वाटीला आतून तुपाचं बोट लावा, भात हलक्या हाताने दाबून भरा, ताटात उपडी करून वाटी अलगद उचला. पांढरीशुभ्र मूद, तिच्या डोक्यावर एक पळी वरण, त्यावर तूप. तूप पातळ करून घ्यायला विसरू नका, थिजलेला गोळा मुदीवरून घसरतो.

ती दारातून आली की आधी कोकम सरबत: पेल्यात दोन मोठे चमचे कोकमाचं सिरप, गार पाणी, चिमूटभर जिरेपूड आणि मीठ. तिला चप्पल काढून दहा मिनिटं नुसतं बसू द्या. लोकलमधून उतरलेल्या माणसाला भुकेआधी तहान लागलेली असते. तेवढ्यात तुमची काकडीची फोडणी होते.

आणि जेवताना ‘कसं झालंय?’ हे एकदाच विचारा. मी पहिल्या घासापासून विचारत होतो. चौथ्यांदा विचारल्यावर ती म्हणाली, “अरे, आता खाऊ दे ना!” आणि उसळीची वाटी पुढे केली.

उसळ थोडी जास्तच करा. रविवारी सकाळी ती आणखी मुरलेली असते, आणि शनिवारच्या उरलेल्या पोळीबरोबर उभ्या उभ्या, पातेल्यातूनच खायची असते.